लांब दाखवलेली वाट

नगरच्या माळीवाडा स्टँडच्या तोंडाशी, रिक्षांच्या गर्दीत, बिभीषणाला त्याची बहीण दिसली आणि त्याचा हात हेल्मेटची काच खाली ओढायला गेला. काच आधीच खाली होती. सत्यशीला. डोक्यावरून पदर, खांद्याला खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, डावा हात उपरण्याच्या झोळीत गळ्यात बांधलेला, आणि पदराचं टोक धरून आठ-नऊ वर्षांची लेक. ती एका रिक्षावाल्याला काहीतरी विचारत होती आणि रिक्षावाला नाही नाही म्हणून मान हलवत होता. मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला. बिभीषणाला सरळ सावेडीकडं जायचं होतं. त्यानं गाडी डावीकडं घातली, जिकडं त्याचं काडीचं काम नव्हतं, आणि बोळाबोळांतून भाजीच्या गाड्यांना घासत तो पळाला. पळाला हाच शब्द. वळलो, रस्ता बदलला, उशीर होत होता, हे शब्द त्यानं नंतर ऑफिसात, पंख्याखाली बसून शोधले.

पाथर्डीच्या पलीकडं, जिथं दसरा झाला की गावंच्या गावं ट्रॅक्टरला लोंबकळून ऊस तोडायला जातात आणि मागं म्हातारी नि शेळ्या राहतात, तिथली ही दोघं भावंडं. तिथं नांदती बाई आपली आपण माहेराला येत नाही. भावानं न्यायला जायचं असतं, मुराळी होऊन. ओट्यावर बसायचं, गूळ घालून केलेला चहा प्यायचा, दाजीच्या दोन थट्टा गिळायच्या, आणि “ताईला चार दिस नेतो” म्हणायचं. मुराळी येऊन गेला की त्या घरात बाईच्या अंगावर उचललेला हात पुढं काही महिने जरा विचार करतो. हिला विचारणारं कुणीतरी आहे, हे चुलीपर्यंत समजलेलं असतं. आणि जी बाई मुराळ्याविना, पिशवी घेऊन, मोडका हात गळ्यात बांधून भर सकाळी स्टँडवर उतरते, तिचं काय झालंय हे त्या मुलखात कुणी विचारत नाही. बिभीषणालाही विचारायची गरज नव्हती. भिमाजीनं, म्हणजे त्याच्या दाजीनं, आधी दोनदा मारलं होतं तेव्हा फोन आला होता. “येतो न्यायला,” बिभीषण म्हणाला होता. नागपंचमीला येतो. नागपंचमी गेली, तेव्हा दिवाळीला येतो. दिवाळी गेली, तेव्हा पट्टा पडू दे, कारखाना बंद झाला की येतोच. आणि मीच येऊ का रं, असं तिनं विचारलं की तो तिला वाट सांगायचा. नगरात उतरून काय करशील ताई, मी कुठं नगरात राहतो? तिथून दुसरी गाडी, मग तिसरी, मग फाट्यावरून चालत, त्यात कंपनीची वसाहत, गेटवर आत सोडत नाहीत. खरं तर तो केडगावात राहत होता. माळीवाड्यावरून रिक्षात बसलं की पुणे रोडनं सरळ, लेकरूसुद्धा चुकणार नाही. पण सांगताना तो तीच वाट दर वेळी एका मुक्कामानं वाढवायचा, आणि पलीकडून ती “लई लांब हाय की रं” म्हणायची, तेव्हा त्याला छातीत सैल वाटायचं.

ऑफिस सावेडीत, टायरच्या दुकानावर. खाली रबराचा वास, वर मशिनची घरघर. मालक आबासाहेब पूर्वी केबल टीव्हीवाले. खांबाखांबांवरून तारा ओढता ओढता आता निम्म्या शहराला नि आसपासच्या गावांना इंटरनेट विकत होते. पांढरा सदरा, बोटात तीन अंगठ्या, आणि तक्रारीचा फोन आला की तोंडात अशी भाषा की खालचा टायरवाला वर बघायचा. आज ते बिभीषणाच्या खुर्चीमागंच उभे होते. “आरं, सकाळधरनं फोन चालूय माझा. व्हिडिओत माणूस तोंड उघडतंय आन् तसंच राहतंय. नावाचा बिभीषण तू, घरातलं भगदाड तुला सापडाया पायजे का मला?” भगदाड सापडलेलंच होतं. कंपनीला जगाशी जोडणाऱ्या दोन लाईनी होत्या. एक पुण्याकडून येणारी, धड. दुसरी संभाजीनगरच्या बाजूनं. तिकडं रस्ता रुंद करताना जेसीबीनं ती दोन ठिकाणी तोडली होती आणि कुणीतरी घाईत जोडली होती, आता तिच्यातून येणाऱ्या शंभरातलं पाच-सात वाटेतच सांडत होतं. “मंग बंद कर की ती,” आबासाहेब म्हणाले. “बंद केली आणि पुण्याची तुटली, तर सगळंच बंद.” “मंग त्या रांडेच्या वाटेनं येऊ नको म्हणाव!” इथंच ह्या धंद्याचं दुखणं होतं. तारेतून बाहेर जाणारं आपल्या हातात असतं, ते हव्या त्या दारानं काढता येतं. येणारं आपल्या हातात नसतं. ते कोणत्या वाटेनं यायचं हे पाठवणारा ठरवतो, आपल्याला न विचारता, कुठंतरी मुंबईत, सिंगापुरात, आपलं तोंडही न बघता. आपण फक्त ओरडून सांगू शकतो, की अमुक पत्ते माझ्याकडं आहेत आणि माझ्याकडं यायची वाट ही अशी. ह्या ओरडण्याच्या बोलीला बीजीपी म्हणतात. जगातल्या प्रत्येक जाळ्याला एक नंबर आहे. वाटेत जेवढे नंबर लागतात तेवढी वाट लांब, आणि ऐकणारा बहुतेक करून आखूड वाट धरतो. म्हणून ज्या दारानं पाहुणा नको त्या दारावर आपलाच नंबर पुन्हा पुन्हा लिहायचा. एका घराची चार घरं दाखवायची. खोटं नाही म्हणता येत, खरंही नाही. सगळेच करतात. बिभीषणानं सकाळी आल्या आल्या संभाजीनगरच्या दारावर आपला नंबर तीनदा जास्त लिहिला होता.

ह्यात आणि आपण ताईला सांगितलेल्या वाटेत काही सारखं आहे, हे त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि त्यानं ते दातात अडकलेल्या पाचटाच्या काडीसारखं थुंकून टाकलं. माणूस म्हणजे तार नव्हे. हे बोलायला छान असतं. तार निदान सांडलेलं मोजून दाखवते.

खिशात फोन थरथरला. अनोळखी नंबर. त्यानं उचलला नाही. थोड्या वेळानं दुसरा अनोळखी नंबर, मग तिसरा. तिच्याकडं फोन असता तर नाव आलं असतं. म्हणजे फोन भिमाजीनं फोडला असणार, आणि भावाचा नंबर तेवढा बाईला पाठ. कंडक्टरच्या फोनवरून, चहावालीच्या फोनवरून, जो देईल त्याच्या फोनवरून ती येत होती. चौथ्यांदा वाजला तेव्हा आबासाहेब म्हणाले, “उचल की, गिऱ्हाईक आसंल,” आणि मालकाच्या तोंडासमोर त्याला उचलावा लागला. “अहो साहेब,” पलीकडं एक जाड आवाजाची बाई, “मी स्टँडवर शेंगदाणे विकते. ही एक बाई बसलीये माझ्यापाशी, हात बघवंना तिचा. तुमी भाऊ का तिचे? घ्या, बोला—” “राँग नंबर,” तो म्हणाला. “राँग कसा? तिनं तोंडपाठ सांगितला!” त्यानं फोन ठेवला. “कोण?” आबासाहेबांनी विचारलं. “कर्जवाले.” आबासाहेब हसले. “हागायला बसू देत न्हाईत साले.” बिभीषणही हसला.

समोर पडद्यावर दोन आलेख. पुण्याचा फुगला होता, म्हणजे बरेचसे येणारे तिकडं वळले होते. पण संभाजीनगरचा आलेख बसला, बसला, आणि मग एका जागी अडून राहिला. तिकडूनही अजून येतच होतं. त्यानं आपला नंबर आणखी दोनदा लिहिला. काही नाही. आणखी चारदा. मी, मी, मी, मी. रेघ हलेना. कोण आहे हे, जे इतकी लांब वाट दिसूनही त्याच फाटक्या दारानं येतंय? त्याला चीड आली, आणि कसलंही कारण नसताना पाथर्डीच्या नोंदणी कार्यालयातला तो बाक आठवला. बाप गेल्यानंतरचं वर्ष. हक्कसोडीचा कागद. बापाच्या जमिनीत बहिणीचाही वाटा असतो हे कायदा सांगतो, आणि वाटा मागणारी बहीण कसली बहीण, हे गाव सांगतं. वाटा घेतला की माहेर तुटतं. सोडला की माहेर राहतं. असा हा सौदा. आणि पिढ्यान्‌पिढ्या बाया तो साडी-चोळीवर करत आल्यात, आणि पुरुष त्याला माया म्हणत आलेत. सत्यशीला हसत आली होती. अंगठा घ्यायच्या यंत्रावर कारकुनानं तिचा अंगठा ठेवला, यंत्र काही बोलेना. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दुसरा ठेवला. लहानपणापासून उसाच्या पात्यांनी कापून कापून तिच्या बोटांवर रेघच राहिली नव्हती. “बघ की रं,” ती बिभीषणाला म्हणाली होती, “पाचटानं खाल्ली माझी रेघ. सरकारला मी कोन ते कळंना!” मागच्या रांगेतले लोकसुद्धा हसले. शेवटी करंगळी लागली. करंगळीवर जमीन गेली. बाहेर येऊन तिनं त्याच्या गालावरून तो शाईचा नसलेला, नुसता खरखरीत हात फिरवला आणि म्हणाली, “मला काय नगं. एक खोली तेवढी उघडी ठिव माझ्यापुरती.” त्यानं जमीन विकली. केडगावात दोन खोल्या नि स्वैपाकघर झालं. त्यातली एक खोली कुणाची, हे त्याला दार उघडताना रोज माहीत असायचं. म्हणून तो तिथं कपाट, जुनी मशिनं, वायरीची भेंडोळी असं सामान टाकत गेला होता. बायको निकिता दोन-तीनदा म्हणाली होती, “ताईंना बोलवा ना, लग्नातसुद्धा नीट बोलणं झालं नाही त्यांच्याशी.” “लांब असतात,” तो म्हणाला होता. निकितानं नको म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. मग तिला शिव्या देता आल्या असत्या. सगळ्या गोष्टी-पिक्चरांत भावजयच वाईट निघते. इथं तेवढीही सोय नव्हती. आली तर निकिता हळदीचं दूध करील, खोली आवरील, लेकीचं नाव शाळेत घालील, आणि मग एखाद्या संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, सत्यशीला सहज सांगेल की ही खोली कशी झाली. एवढंच. एवढ्यासाठी तो बोळाबोळांतून पळाला होता.

आणि ती सांगेलही तसं, वाईट हेतू न ठेवता. तिला हेतू ठेवता येतच नव्हता. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत, त्या वाकून शिरायच्या झोपडीत, थंडीनं दात वाजायचे तेव्हा ती त्याच्या अंगावर वाढ्याची, उसाच्या शेंड्यांची, पेंढी रचायची नि स्वतः त्या पेंढीला टेकून बसायची. तिची शाळा चौथीत सुटली, कारण आई-बाप फडात असताना ह्याला कुणी सांभाळायचं? मग ह्याला आश्रमशाळेत घातलं आणि हिच्या हातात कोयता आला. कुणी कुणावर उपकार केले असं त्या घरात कुणी म्हटलं नाही. म्हणूनच ते फिटत नव्हते. त्याला वाटलं, तिनं एकदा तरी हिशेबानं बोलावं, भांडावं, भाऊ कसला तू म्हणावं. तर तो तिला दारात थोपवू शकला असता.

त्यानं संभाजीनगरच्या लाईनवाल्या कंपनीला फोन लावला. तिथं मोनिका म्हणून एक मुलगी असायची, पुण्यात बसून बोलायची, आवाज कायम सर्दी झाल्यासारखा. “सर, मी बघतेय तुमचं. तुम्ही स्वतःला किती लांब केलंय? रांगच लावलीये नावांची!” “तरी येतंय, मॅडम.” “येणारच. ते आमचे लोक आहेत ना, आमचे बाकीचे ग्राहक. आमच्याकडं एक नियम आहे. जो आमचा स्वतःचा ग्राहक, तो घरचा. घरच्याकडं जाताना आम्ही वाटेची लांबी बघतच नाही. आधी घरचा का परका ते बघतो, लांबी नंतर. तुम्ही शंभर वेळा नाव लिहा.” बिभीषणानं पडद्यावरची आपल्या नंबरांची रांग वरून खाली वाचली. “हॅलो? सर?” “मग थांबवायचं कसं?” “तुम्ही आम्हाला सांगायचं. एक खुणेचा आकडा असतो, तुमच्या पत्त्यांना जोडून पाठवायचा. तो दिसला की आम्ही तुम्हाला घरचं धरत नाही, अगदी शेवटचं धरतो. पुण्याची लाईन जिवंत आहे तोवर एक कण येणार नाही इकडनं.” “म्हणजे सरळ सांगायचं.” “हो. आडून सांगितलेलं नाही चालत आमच्याकडं,” मोनिका म्हणाली आणि शिंकली. “सॉरी. मेल करते आकडा.”

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकं त्यानं वाचली होती. पण असं सरळ सांगायची पाळी शक्यतो येऊ द्यायची नाही, आपण फक्त लांब दिसत राहायचं आणि समोरच्यानं आपण होऊन समजून दुसरीकडं वळायचं, ही त्याची कामातलीही रीत होती. सभ्य माणसाची रीत. कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि कुणाला येऊही द्यायचं नाही. नगरचं अहिल्यानगर झालं, दुकानांच्या पाट्या रंगवून झाल्या, पण ही रीत कुणी बदलली नाही. अख्खं शहर तिच्यावर उभं आहे. या ना एकदा, म्हणतात लोक, आणि पत्ता देत नाहीत.

आकडा आला. त्यानं तो जोडला आणि बटण दाबलं. आलेखाची रेघ थोडा वेळ तशीच राहिली, मग कड्यावरून दगड सुटावा तशी खाली आली आणि तळाला टेकून सपाट झाली. त्या दारानं आता कुणीच येत नव्हतं. आबासाहेबांचा फोन वाजायचा थांबला. ते खालून पेढे घेऊन आले, एक स्वतःच्या हातानं बिभीषणाच्या तोंडात कोंबला. “लई भारी! काय केलं रं?” “आम्हाला घरचं धरू नका म्हणून सांगितलं त्यांना.” “शाबास. घरचा म्हनला की गळ्यातच पडतंय जो तो.”

पेढा टाळ्याला चिकटलेला असतानाच राधाकृष्णाचा फोन आला. राधाकृष्ण कंपनीचा लाईनमन. दिवसभर खांबावर, तोंडात तंबाखू, गावभर ओळखी. त्याचा नंबर न उचलण्याचा प्रश्नच नव्हता. “बिभ्या, ऐक. मी माळीवाड्यात खांबावर हुतो. खालून एक बाई म्हनाली, तुमी नेटची तार वढता का? आमचा बिभीषण बी नेटच्याच कामात हाय, वळखता का? मी म्हनलं, ह्यांना काय वाटतं, समदे नेटवाले एका पंगतीला जेवत्यात का! पर गाव सांगितलं, आन् माझी टूबच पेटली. तुझी ताई हाय रं. हात मोडलाय तिचा, पोरगी उपाशी हाय. पोरीला वडापाव दिला मी. दोघींना गाडीवर बसवून आनू का तिकडं? पाच मिनटात आलो.” राधाकृष्णाच्या मागं एसटीचा आवाज, कुणीतरी सीट नंबर ओरडतंय. आणि फोन स्पीकरवर होता, कारण त्या सगळ्या गलक्यात अगदी जवळून त्याला एक श्वास ऐकू आला, धाप लागलेला, नाकातून ओढलेला. तो श्वास त्यानं पाचटाच्या कोपीत वर्षानुवर्षं मानेवर घेतला होता.

आबासाहेब दारात उभे राहून टायरवाल्याला पेढा देत होते. पंखा फिरत होता. अजूनही तो काहीतरी लांबवू शकला असता. मीटिंग आहे, संध्याकाळी बघतो, तिला सांग थांब. हे सगळं जिभेवर आलं. आणि त्याच वेळी त्याला दिसलं, की ती थांबेल. संध्याकाळपर्यंत थांबेल, रात्रभर थांबेल, शेंगदाण्याच्या टोपलीशेजारी बसून राहील, आणि शेवटी येईलच. ती लांबी बघतच नाही.

“माझी ताई-बिई कुणी नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज मोनिकाशी बोलताना असायचा तसा होता, कामाचा. “मला बहीण नाही.”

पलीकडं त्या गलक्यातून ती बोलली, फोनशी नाही, राधाकृष्णाशी, आणि आवाज अगदी नेहमीचा होता. “न्हाई दादा, ह्यो आमचा न्हाई. दुसरा कुनी बिभीषण आसंल. आमचा लई लांब ऱ्हातो, कंपनीच्या वसाहतीत. तुमाला उगं तरास.” फोन बंद झाला.

दुपारी राधाकृष्ण ऑफिसात आला. पाणी प्यायला, तांब्या ठेवला, पक्कड पेटीत टाकली, पुन्हा काढली. आबासाहेब जेवायला गेले होते. बिभीषण पडद्याकडं बघत होता, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं. “पाथर्डीच्या गाडीत बसवून दिली,” राधाकृष्ण म्हणाला. “म्हनलं ताई, दवाखान्यात जाऊ आधी. म्हनली, नगं, घरी वाट बघत्याल. पोलीस चौकीत जाऊ म्हनलं, तर हसली.” बिभीषणानं मान हलवली, जणू कुणा तिऱ्हाईत बाईची गोष्ट. राधाकृष्ण खिडकीपाशी गेला, तिथून खाली थुंकला, आणि पाठ तशीच ठेवून बोलला. “तुझा फोन बंद केला ना मी. पोरगी टुनकन उठली. म्हनली, आई, मामाच हाय की ह्यो! आन् तुला सांगतो, त्या बाईनं, त्या धड हातानं, आशी लावली पोरीच्या थोबाडात, का वडापाव उडाला तिच्या हातातला.”

खालच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. हवेचा आवाज चढत गेला आणि थांबला.

“रडली का?” बिभीषणानं विचारलं.

“पोरगी न्हाई रडली,” राधाकृष्ण म्हणाला.